मैलापाण्याचा गाळ आणि कोळशाची स्लरी : इंधन करण्याआधीचा हिशेब

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून रोज निघणारा गाळ वाळवून कोळशासारखा जाळता येतो का, कोळसा धुण्याच्या कारखान्यालगत साचलेली स्लरी उचलून तिच्या कांड्या पाडता येतात का, आणि हे दोन्ही पदार्थ एकत्र केल्यास चांगले इंधन मिळते का, असे प्रश्न नगरपरिषदांचे अभियंते, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, विदर्भाच्या कोळसापट्ट्यातील लघुउद्योजक आणि बॉयलर चालवणारे कारखानदार वारंवार विचारतात. या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देता येते, परंतु ते अपुरे आहे. दोन्ही पदार्थांत जळणारा भाग असतो हे खरे असले, तरी ओल्या गाळात त्याच्या कितीतरी पट पाणी असते, आणि ते पाणी कोणत्या मार्गाने व कोणाच्या खर्चाने निघणार यावरच इंधन पदरात पडणार की तोटा, हे ठरते. पुढील मांडणी याच हिशेबाभोवती असून तिच्यात पर्याय, चाचण्या, परवाने, मालकीचे प्रश्न आणि नागरिकांचे हक्क क्रमाने दिले आहेत.

१. प्रथम आपल्याकडील पदार्थ ओळखावा

‘गाळ’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे पदार्थ मोडतात आणि त्यांचे मार्गही वेगळे असतात. यंत्रविक्रेत्याशी बोलणी सुरू करण्यापूर्वी आपल्याकडील पदार्थ पुढीलपैकी कोणता, हे लेखी नोंदवून ठेवावे.

- प्राथमिक गाळ : मैलापाणी पहिल्या टाकीत संथ ठेवल्यावर तळाशी बसणारा भाग. यात न कुजलेले सेंद्रिय द्रव्य जास्त असते, त्यामुळे बायोगॅस चांगला मिळतो. मात्र दुर्गंधीही तीव्र असते.
- जैविक गाळ : हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंचा गाळ. जिवाणूंच्या पेशी पाणी धरून ठेवत असल्याने तो दाबूनही सहज कोरडा होत नाही. एसबीआर (एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने प्रक्रिया) किंवा दीर्घकाळ हवा देण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या केंद्रांत या गाळाचा बराच भाग टाकीतच कुजून जातो, म्हणून त्यापासून बायोगॅस कमी मिळतो.
- पचवलेला गाळ : बायोगॅस काढून घेतल्यानंतर उरणारा भाग. याचा वास कमी असतो, पण जळाऊ अंशही घटलेला असतो.
- सेप्टिक टाकीतील मैला : यात वाळू, प्लास्टिक, चिंध्या असे काहीही सापडते आणि प्रत्येक टँकरमधील माल वेगळा असतो.
- औद्योगिक सांडपाण्याचा गाळ : रासायनिक कारखान्यांच्या किंवा औद्योगिक वसाहतींच्या सामाईक प्रक्रिया केंद्रांतून निघणारा गाळ. कायद्याच्या दृष्टीने तो घातक कचरा ठरतो आणि त्याला घरगुती गाळाचे नियम लागू होत नाहीत.
- कोळशाची स्लरी : कोळसा धुताना पाण्याबरोबर निघून जाणारे, साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कण. यात कोळसा आणि चिकणमाती दोन्ही असतात.
- टेलिंग्ज : स्लरीतून चांगला कोळसा वेगळा केल्यानंतर उरणारा, मुख्यतः मातीचा भाग. याला इंधन समजून विकत घेणे हा सरळ तोट्याचा व्यवहार होय.

शहराच्या मलवाहिन्यांत एखाद्या कारखान्याचे सांडपाणी मिसळत असेल, तर ‘घरगुती गाळ’ ही नोंद विश्वसनीय राहत नाही. अशा ठिकाणी जड धातूंची चाचणी झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

२. पाण्याचा हिशेब कागदावर मांडावा

न पचवलेला मैलापाण्याचा गाळ पूर्ण कोरडा केल्यास त्याचा उष्मांक साधारणपणे किलोला २,५०० ते ३,५०० किलोकॅलरी भरतो आणि पचवलेल्या गाळाचा त्याहून कमी असतो. भारतातील औष्णिक कोळशाची प्रतवारी उष्मांकावर ठरते. त्यातील जी-११ प्रतीचा कोळसा ४,००० ते ४,३०० किलोकॅलरीचा, तर सर्वांत खालच्या जी-१७ प्रतीचा २,२०० ते २,५०० किलोकॅलरीचा धरला जातो. म्हणजे कोरडा गाळ हलक्या प्रतीच्या कोळशाच्या बरोबरीला येतो आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नेमका हाच आकडा ठळक छापलेला असतो. केंद्राच्या दाराशी मिळणारा गाळ मात्र कोरडा नसतो.

यंत्रात दाबून काढलेला गाळ, ज्याला केक म्हणतात, त्यात बहुधा २० टक्के घनभाग आणि ८० टक्के पाणी असते. अशा १ किलो केकचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

- घनभाग २०० ग्रॅम. किलोला ३,००० किलोकॅलरी धरल्यास त्यातील उष्णता सुमारे ६०० किलोकॅलरी.
- पाणी ८०० ग्रॅम. १ किलो पाण्याची वाफ करण्यास तत्त्वतः सुमारे ६२० किलोकॅलरी लागतात. प्रत्यक्ष ड्रायरमध्ये गळती धरून ७०० ते ८००. म्हणजे खर्च सुमारे ६०० किलोकॅलरी.
- शिल्लक : शून्य.

हाच केक दाबून आणि उन्हात वाळवून ४० टक्के घनभागापर्यंत आणला, तर त्याच १ किलोत १,२०० किलोकॅलरी येतात, उरलेले ६०० ग्रॅम पाणी घालवण्यास सुमारे ४५० लागतात आणि ७५० किलोकॅलरी हाती राहतात. यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो की, घनभाग सुमारे ३० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत इंधन जाळून गाळ वाळवण्याचा विचार करू नये.

दुसरा हिशेब मालाच्या प्रमाणाचा आहे. दररोज १० लाख लिटर, म्हणजे १ एमएलडी, मैलापाण्यावर प्रक्रिया केल्यास ढोबळमानाने २०० ते २५० किलो कोरडा घनभाग निघतो. त्यामुळे २० एमएलडीच्या केंद्रातून रोज ४ ते ५ टन कोरडा घनभाग मिळेल आणि त्यातील सगळी उष्णता जमेस धरली, तरी ती ४,००० किलोकॅलरीच्या ३ ते पावणेचार टन कोळशाएवढीच होईल. दररोज १ लाख लिटर सांडपाण्याचे केंद्र असलेल्या मोठ्या गृहसंकुलाला २० ते २५ किलो कोरडा घनभाग मिळतो, ज्याची किंमत एक-दोन पोती हलक्या कोळशाच्याही आत येते. म्हणून गृहनिर्माण संस्थांनी स्वतः इंधन तयार करण्याच्या फंदात पडू नये. गाळ दाबून कोरडा करावा आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे अथवा महापालिकेच्या व्यवस्थेकडे सोपवून त्याची पावती जपून ठेवावी, हेच त्यांच्या हिताचे आहे.

३. पाणी काढण्याचा क्रम मोडू नये

पाणी काढण्याच्या पद्धती स्वस्ताकडून महागाकडे जातात आणि त्या याच क्रमाने वापराव्यात.

1. गाळ घट्ट करणे : टाकीत संथ ठेवून १ टक्का घनभागाचा गाळ ४ टक्क्यांवर आणला, तरी त्याचे आकारमान चौथ्या हिश्श्यावर येते. या टप्प्याला जवळजवळ ऊर्जा लागत नाही.
2. दाबून पाणी काढणे : पॉलिइलेक्ट्रोलाइट हे कण एकत्र आणणारे रसायन घालून स्क्रू प्रेस, बेल्ट प्रेस किंवा सेंट्रिफ्यूजमधून गाळ काढल्यास घनभाग १८ ते २५ टक्क्यांपर्यंत जातो, प्लेट पद्धतीच्या फिल्टर प्रेसमध्ये तो ३० टक्क्यांच्या वरही नेता येतो. रसायनाचा रोजचा खर्च निविदेत वेगळा दाखवून घ्यावा, कारण तो खर्च यंत्राच्या किमतीत दिसत नाही.
3. उन्हात वाळवणे : वाळू-खडीच्या वाफ्यांवर २० ते ३० सेंटिमीटर जाडीचा थर पसरल्यास कोरड्या ऋतूत सुमारे दोन आठवड्यांत तो उचलण्याजोगा होतो. पारदर्शक छपराखाली गाळ सतत उलटा-पालटा केल्यास हे काम अधिक वेगाने होते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याचे चार महिने या पद्धतीला अनुकूल आहेत. कोकणात आणि गोव्यात मात्र पावसाळ्यात उघडे वाफे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे चार महिन्यांच्या गाळाची छपराखालील साठवण आराखड्यातच धरावी लागते.
4. उष्णतेने वाळवणे : हा शेवटचा टप्पा असून त्यासाठी वाया जाणारी उष्णता उपलब्ध असेल तरच तो परवडतो. बायोगॅस इंजिनातील गरम वायू, बॉयलरच्या धुराड्याकडे जाणारा वायू किंवा सिमेंट भट्टीची उरलेली उष्णता यांचा वापर करता येतो. ड्रायरसाठी डिझेल, गॅस किंवा वीज विकत घ्यावी लागत असेल, तर प्रस्ताव तिथेच थांबवावा.

४. मैलापाण्याच्या गाळाचे चार मार्ग

(क) बायोगॅस. या मार्गाला गाळ वाळवावा लागत नाही, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. हवाबंद टाकीत सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाला गाळ २० ते ३० दिवस ठेवल्यास ६० ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू मिळतो आणि त्याच्या १ घनमीटरमध्ये साधारण ५,००० किलोकॅलरी असतात. प्राथमिक गाळ वेगळा निघत असेल, तर २० एमएलडीच्या केंद्रातून रोज १,२०० ते १,४०० घनमीटर वायूची आणि त्यातून दोन ते अडीच हजार युनिट विजेची अपेक्षा ठेवता येते. केंद्राच्या स्वतःच्या वीजवापराचा मोठा हिस्सा यातून भागू शकतो. केंद्र एसबीआर पद्धतीचे असल्यास मात्र हा अंदाज बराच खाली आणावा.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतील वायू गोळा करून वापरला जात होता. कोकणात गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांचा पाठपुरावा केला. मापुसकरांनी त्यासाठी ‘मलप्रभा’ ही रचना विकसित केली आणि त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. खेडेगावाच्या, वसतिगृहाच्या किंवा यात्रास्थळाच्या पातळीवर गाळाचे इंधन करायचे असेल, तर आजही ही वाटच सर्वांत सोपी आहे.

वायू शुद्ध करून मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेल्यास त्याला कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणतात. सार्वजनिक तेल कंपन्यांनी तो विकत घ्यावा यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ ही योजना सुरू केली असून तिच्यात मैलापाणी केंद्रांचा गाळही कच्चा माल म्हणून धरला आहे. एका लहान केंद्राचा गाळ यासाठी पुरत नाही. ओला कचरा, शेण किंवा साखर कारखान्याचा प्रेसमड जोडीला घेतला तरच प्रमाण जमते.

(ख) सिमेंट भट्टीत सहप्रक्रिया. भट्टीतील कच्चा माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो, गाळातील सेंद्रिय भाग पूर्ण जळतो आणि राख क्लिंकर या सिमेंटच्या अर्धतयार मालात मिसळून जात असल्याने तिच्या विल्हेवाटीचा वेगळा प्रश्न उरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या भागांत सिमेंट कारखाने असल्याने पूर्व विदर्भातील नगरपालिकांना हा पर्याय जवळचा आहे. मात्र कारखाने गाळ कोरडा आणि एकसारख्या प्रतीचा मागतात, क्लोरीन व फॉस्फरसवर मर्यादा घालतात आणि उष्मांक कमी असल्यास पैसे देण्याऐवजी प्रक्रियाशुल्क आकारतात. वाहतुकीत आपण पाणी वाहून नेत आहोत का, हे आधी पाहावे.

(ग) कांड्या किंवा पेलेट करून बॉयलरमध्ये जाळणे. घनभाग ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत नेऊन, लाकडाचा भुसा किंवा शेतातील काडीकचरा मिसळून हे इंधन पाडले जाते. कोरड्या गाळात ३० ते ५० टक्के राख राहते, म्हणून बॉयलरची जाळी, राख काढण्याची व्यवस्था आणि धूर गाळणारी यंत्रणा यांची क्षमता तपासावी लागते. एकूण इंधनात गाळाचा वाटा ५ ते १० टक्क्यांच्या आत ठेवून सुरुवात करणे सुरक्षित असते. घरगुती चूल, तंदूर, बेकरीची भट्टी, गुऱ्हाळ किंवा धान्य वाळवण्याची भट्टी यांत हे इंधन कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण पारा, कॅडमियम यांसारखे धातू उष्णतेने धुरात जातात आणि तिथे तो धूर गाळणारी कोणतीही यंत्रणा नसते.

(घ) दाबाखाली शिजवून कोळसा करणे. हायड्रोथर्मल कार्बनायझेशन या प्रक्रियेत ओला गाळच १८० ते २५० अंशांना, बंद पात्रात दाबाखाली काही तास ठेवतात. जिवाणूंच्या पेशी फुटल्याने त्यानंतर पाणी दाबून सहज निघते, हा खरा लाभ आहे. उलट बाजूने, पात्र महाग असते, चालवण्यास प्रशिक्षित माणसे लागतात आणि निघणारे पाणी अतिशय प्रदूषित असल्याने ते पुन्हा शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागते. महापालिकेच्या पातळीखाली हा पर्याय सध्या विचारात घेण्याजोगा नाही.

या चारही मार्गांपूर्वी एक पाचवा प्रश्न विचारणे आवश्यक आहे : गाळ जाळावा की शेतीत द्यावा? गाळात नत्र आणि फॉस्फरस ही पिकांची अन्नद्रव्ये असतात. जाळल्यावर नत्र जातो आणि सिमेंटमध्ये गेलेला फॉस्फरस परत मिळत नाही. जर्मनीने २०१७ च्या नियमांद्वारे मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातील फॉस्फरस परत मिळवणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. जड धातूंच्या चाचणीत गाळ निर्दोष ठरला आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील कंपोस्टची मानके तो पाळू शकत असेल, तर लहान गावांसाठी कंपोस्ट हा इंधनापेक्षा चांगला व्यवहार ठरतो.

५. कोळशाच्या स्लरीचे इंधन करताना

स्लरीची अडचण गाळापेक्षा वेगळी आहे. तिच्यातील पाणी पेशींत अडकलेले नसून कणांच्या पृष्ठभागावर असते, त्यामुळे ते काढणे तुलनेने सोपे जाते. परंतु कोळशाबरोबर आलेली माती काढणे अवघड असते. कामाचा क्रम असा ठेवावा.

1. नमुने घेणे : तळ्याच्या तोंडाशी जड कण आणि टोकाशी बारीक माती साचते, म्हणून एकाच जागेचा नमुना फसवा ठरतो. वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या खोलीवर नमुने घ्यावेत.
2. माती वेगळी करणे : स्लरीत तेलकट रसायन आणि फेस आणणारे द्रव्य घालून हवेचे बुडबुडे सोडल्यास कोळशाचे कण फेसाबरोबर वर येतात आणि माती खाली राहते. फ्रॉथ फ्लोटेशन नावाची ही पद्धत कोकिंग कोळशाला विशेष लागू पडते; उघड्यावर वर्षानुवर्षे पडून हवा लागलेल्या जुन्या स्लरीवर तिचा परिणाम कमी होतो.
3. पाणी काढणे : फिल्टर प्रेसनंतरही २० ते २५ टक्के ओल राहते, ती उन्हात आणखी घटवता येते.
4. कांड्या पाडणे : मळी, स्टार्च किंवा बेंटोनाइट यांपैकी एखादा बंधक मिसळून दाब दिला जातो. मळीच्या कांड्या चांगल्या जळतात पण पावसात विरघळतात. बेंटोनाइट किंवा माती घातलेल्या कांड्या टिकतात, मात्र राख वाढते.
5. द्रवरूपातच जाळणे : ६० ते ७० टक्के बारीक कोळसा, उरलेले पाणी आणि अल्प प्रमाणात स्थिरता देणारे रसायन, असे कोळसा-पाणी इंधन पंपाने भट्टीत सोडता येते. यासाठी खास ज्वालक लागतात, त्यामुळे साध्या बॉयलरच्या मालकाने या मार्गाला जाऊ नये.

भाव ठरवताना होणारी मोठी फसगत उष्मांकाच्या आधाराची असते. प्रयोगशाळेच्या अहवालात ४,००० किलोकॅलरी हा आकडा कोरड्या नमुन्याचा असेल आणि प्रत्यक्ष ट्रकमध्ये ३० टक्के ओल असेल, तर हाती पडणारा उष्मांक २,८०० वर येतो. त्यातून पाण्याची वाफ करण्याची उष्णता वजा केल्यावर भट्टीला सुमारे २,६०० किलोकॅलरीच मिळतात. म्हणून करारात ‘माल पोहोचतेवेळच्या स्थितीतील उष्मांक’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि ओल ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाल्यास वजनात कपात करण्याचे सूत्रही त्यातच नमूद करावे.

६. गाळ आणि स्लरी एकत्र करावीत का?

गाळातील चिकट सेंद्रिय द्रव्य कोळशाच्या भुकटीला बांधून ठेवते, म्हणून कांड्यांसाठी तो बंधक म्हणून उपयोगी पडतो, ही गोष्ट खरी आहे. कोळशामुळे मिश्रणाचा उष्मांक वाढतो आणि गाळातील लवकर पेटणाऱ्या वायुरूप अंशामुळे मिश्रण लवकर पेट घेते. तरीही तीन अटी पाळाव्यात. पहिली, गाळ आधी उन्हात वाळलेला असावा, नाहीतर कोरड्या भुकटीत पुन्हा पाणी मिसळल्यासारखे होते. दुसरी, द्रवरूप इंधनात गाळ घातल्यास मिश्रण झपाट्याने घट्ट होऊन पंप अडतो, म्हणून तिथे त्याचे प्रमाण कमी ठेवावे लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मिश्रणाला ‘कोळसा’ म्हणून विकता येत नाही. गाळ मिसळल्याची माहिती ग्राहकाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्यावी लागते.

७. करारापूर्वीच्या चाचण्या

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात आणि पावसाळी व उन्हाळी असे किमान दोन वेळचे अहवाल ठेवावेत, कारण पावसाळ्यात गाळातील मातीचे प्रमाण वाढते.

- ओल, राख, वायुरूप अंश आणि उष्मांक. प्रत्येक आकडा कोणत्या आधारावर दिला आहे त्याच्या उल्लेखासह
- गंधक, क्लोरीन, नत्र आणि फॉस्फरस
- पारा, कॅडमियम, शिसे, क्रोमियम, जस्त
- राख वितळण्याचे तापमान, जे कमी असल्यास राखेचे ढेकळ होऊन जाळी बंद पडते
- गाळ माणसांच्या हाताळणीत येणार असल्यास जंतांची अंडी व रोगजंतू

८. परवाने आणि नोंदी

- संमतीपत्र : १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उभारणीपूर्वी आणि चालवण्यापूर्वी संमती घ्यावी. जुन्या बॉयलरमध्ये नवे इंधन जाळायचे असेल, तर असलेल्या संमतीपत्रात ते इंधन नोंदवून घ्यावे. केवळ ‘कोळसा’ लिहिलेल्या संमतीपत्रावर गाळ जाळता येत नाही.
- घातक कचरा : औद्योगिक गाळासाठी घातक व इतर कचरा नियम, २०१६ लागू होतात. त्यातील नियम ९ प्रमाणे मंडळाची स्वतंत्र मान्यता असल्याशिवाय तो इंधन म्हणून देता-घेता येत नाही.
- बॉयलर : भट्टीच्या रचनेत फेरबदल करायचा असल्यास बाष्पके संचालनालयाकडे जावे.
- दाबाखालील वायू : कॉम्प्रेस्ड बायोगॅस साठवण्यासाठी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसो या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची परवानगी लागते.

९. मालकी आणि हक्क

स्लरी कोणाची? वॉशरीतून, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यातून, वाहत येऊन शेतात किंवा नदीपात्रात साचलेली स्लरी बेवारस आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तत्कालीन बिहार सरकारने दामोदर खोऱ्यात अशी स्लरी गोळा करण्याचे पट्टे दिले होते. त्याविरुद्ध भारत कोकिंग कोल कंपनीने लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्लरी हीसुद्धा खनिजच आहे आणि तिचे नियमन केंद्राच्या खनिज कायद्याखाली येते, म्हणून राज्याला असे पट्टे देता येत नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे लघुउद्योजकांनी कोळसा कंपन्यांच्या ई-लिलावातून किंवा वॉशरीच्या अधिकृत विक्रीतूनच माल घ्यावा आणि वाहतुकीची कागदपत्रे ट्रकसोबत ठेवावीत. ज्यांच्या शेतात स्लरी येऊन पडली आहे त्यांनी ती विकण्याच्या भानगडीत न पडता तहसीलदार व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पंचनाम्याची मागणी करावी, कारण नुकसानभरपाई आणि जमिनीची सफाई हा त्यांचा हक्क आहे.

कामगारांचे हक्क. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी घातली आहे. अशा कामात होणाऱ्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख रुपयांवर नेली. बायोगॅसच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचत असल्याने तिथेही तोच धोका असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढल्यावर वास येणेच बंद होते, म्हणून ‘वास नाही, उतरा’ असे सांगणाऱ्या मुकादमाचे ऐकू नये. वायुमापक यंत्राची नोंद दाखवण्याची मागणी कामगारांनी करावी.

शेजाऱ्यांचे हक्क. आपल्या वस्तीजवळ गाळ जाळला जात असल्याचा संशय असल्यास संमतीपत्राची व तपासणी अहवालांची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मंडळाकडे मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येते. वाद उपस्थित झाल्यापासून साधारणपणे ६ महिन्यांत, तर भरपाईसाठी ५ वर्षांत अर्ज करण्याची मुदत असल्याने तारखांची नोंद ठेवावी.

१०. नेहमी होणाऱ्या चुका

- कोरड्या गाळाच्या उष्मांकावर प्रकल्प आखणे आणि ड्रायरचे इंधन खर्चात न धरणे.
- वाळलेला गाळ किंवा कोळशाची भुकटी मोठ्या ढिगात साठवणे. दोन्ही पदार्थ आतून आपोआप तापून पेट घेऊ शकतात आणि त्यांची हवेत उडणारी धूळ स्फोटक असते; ढीग लहान ठेवून तापमान मोजत राहावे.
- राखेची जबाबदारी करारात कोणावरच न टाकणे.
- दाबून काढलेले पाणी नाल्यात सोडणे. ते पुन्हा केंद्राच्या सुरुवातीच्या टाकीत गेले पाहिजे.
- अनुदान पाहून तंत्र निवडणे आणि चालवण्याचा वार्षिक खर्च निविदेनंतर मोजणे.

११. निर्णयाचा क्रम

प्रस्ताव समोर आल्यास वाचकांनी पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि ज्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येईल तिथेच थांबावे. माल कायदेशीररीत्या आपला आहे का? चाचणीत तो निर्दोष ठरला आहे का? विकतचे इंधन न जाळता त्याचा घनभाग ३० ते ४० टक्क्यांपर्यंत नेता येतो का? तो जाळणाऱ्या भट्टीला धूर गाळण्याची यंत्रणा आणि संमतीपत्र आहे का? आणि राख, उरलेले पाणी व पावसाळ्यातील साठवण यांचा खर्च धरूनही हा मार्ग बायोगॅस किंवा कंपोस्टपेक्षा स्वस्त पडतो का? मोठ्या शहरांच्या केंद्रांना, सिमेंट पट्ट्याजवळच्या नगरपालिकांना आणि लिलावातून स्लरी घेणाऱ्या उद्योजकांना या पाचही प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळू शकतात. लहान नगरपंचायतीला बहुधा तिसऱ्या आणि गृहसंकुलाला पाचव्या प्रश्नावर थांबावे लागेल, आणि तिथे थांबल्याने वाचलेला खर्च हाच त्यांचा नफा ठरेल.